बत्तीस दिवसांचा उतार

शून्य म्हणजे शनिवार, ६ ऑक्टोबर २०१८, दुपारी १ वाजून ५५ मिनिटं. ठिकाण न्यूयॉर्क राज्यातलं स्कोहॅरी. राज्य मार्ग ३० टेकडीवरून खाली येतो आणि ३०ए या रस्त्याला मिळतो, तो तिठा. त्या मिनिटाला जे घडलं त्यात वीस माणसं गेली: लांबवलेल्या लिमोझिनमधले सतरा प्रवासी, चालक, आणि रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या आवारात उभे असलेले दोघे. २००९ मध्ये बफेलोजवळ प्रवासी विमान कोसळलं होतं. त्यानंतर अमेरिकेत वाहतुकीच्या कुठल्याही अपघातात एका वेळी एवढी माणसं दगावली नव्हती.

चौकशी एनटीएसबी या केंद्रीय सुरक्षा मंडळाने केली, खटला स्कोहॅरीच्याच कोर्टात चालला. दोन्हीकडे ब्रेकचा कीस पाडला गेला, आणि तो पाडायलाच हवा होता. पण सरकारी कागद तारीखवार लावून वाचले की ब्रेकच्याही आधी एक साधा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. ‘ही गाडी आज बाहेर पडणार नाही’ असं म्हणणं त्या कंपनीत कुणाचं काम होतं? आणि त्या कामाला तो माणूस लायक आहे की नाही, हे कधी कुणी तपासलं?

सहा वर्षं आधी

२०१२ साली अमेरिकी काँग्रेसने वाहतुकीचा एक भलामोठा कायदा केला. त्यातलं एक कलम सांगत होतं की ट्रक किंवा बसचा धंदा नव्याने सुरू करणाऱ्याने सुरक्षिततेचे नियम आपल्याला येतात हे परीक्षा देऊन दाखवावं. २०१८ उजाडलं तरी ती परीक्षा सुरू झालेली नव्हती. अर्ज भरा, शुल्क भरा, केंद्राचा क्रमांक घ्या, आणि गाड्या काढा. सुरुवातीचे काही महिने नव्या कंपनीवर नजर ठेवली जाई, कागदपत्रांची तपासणीही होई. धंदा चालवणाऱ्या माणसाला मात्र कुणी समोर बसवून एक प्रश्नही विचारत नसे.

प्रेस्टिज लिमोझिन ही अशीच एक छोटी कंपनी. साराटोगा स्प्रिंग्जजवळच्या एका मोटेलमधून चालणारी, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या गाड्यांची. ती वडिलांच्या नावावर होती. वडील पाकिस्तानात, रोजचा कारभार विशीतल्या मुलाच्या हातात. हे वडील पूर्वी एफबीआयचे खबरे म्हणून गाजलेले होते. अपघातानंतर वर्तमानपत्रांनी त्यावर रकानेच्या रकाने खर्ची घातले. माझ्या मते त्या कथेतली महत्त्वाची गोष्ट एवढीच, की परवान्यावरचं नाव आणि गाडीची किल्ली वेगवेगळ्या हातांत होती.

१९९ दिवस आधी: २१ मार्च २०१८

राज्याच्या परिवहन खात्याचा निरीक्षक लिमोझिन तपासतो.

ही गाडी मुळात २००१ सालची फोर्ड एक्स्कर्शन. आधीच अवजड असलेली एसयूव्ही मधोमध कापून सुमारे साडेचार मीटर लांबवलेली. आत आडवी बाकं, अठरा प्रवासी बसतील एवढी जागा. इंजिन आणि ब्रेकची मूळ रचना कारखान्यात ठरली ती एका कुटुंबाच्या मोठ्या गाडीसाठी. तिच्यावर आता छोट्या बसचं वजन आलेलं. न्यूयॉर्कच्या नियमाप्रमाणे एवढे प्रवासी नेणारी गाडी परिवहन खात्याच्या निरीक्षकांकडून वर्षातून दोनदा तपासून घ्यावी लागते. ती तपासणी कडक असते. गल्लीतल्या अधिकृत गॅरेजमधून मिळणारा वार्षिक स्टिकर तिच्या जागी चालत नाही.

त्या दिवशी गाडी नापास झाली. ब्रेकचे दोष निघाले, इतरही निघाले. निरीक्षकाने ते लिहून दिले. इथवर यंत्रणा चोख चालली.

पुढे काय व्हायला हवं? कुणीतरी तो कागद हातात घेऊन प्रत्येक ओळीपुढे तारीख आणि सही करायची: हे दुरुस्त झालं, या गॅरेजमध्ये झालं, हे बिल, आणि दुरुस्तीनंतर मी स्वतः पाहिलं. वाहतुकीच्या धंद्यात हे काम कंटाळवाणं समजतात. ते कंटाळवाणंच असतं.

पाच महिने आधी: मे

गाडी साराटोगा स्प्रिंग्जमधल्या टायर-ब्रेकच्या एका गॅरेजमध्ये जाते आणि मोटार वाहन विभागाचा वार्षिक तपासणीचा स्टिकर लावून बाहेर पडते. हा तोच साधा स्टिकर, जो घरच्या मोटारींना मिळतो. या गाडीला तो देण्याचा त्या गॅरेजला अधिकार नव्हता. ब्रेकच्या ज्या कामांचं बिल झालं, त्यातली काही कामं झालीच नव्हती, हे पुढे उघड झालं. बिलावर लिहिलेलं, पण न केलेलं एक काम होतं ब्रेक ऑइल बदलण्याचं. ते लक्षात असू द्या, पुढे उतारावर त्याचा संबंध येतो.

बचाव पक्षाने खटल्यात याच गॅरेजवर बोट ठेवलं. मुलाने गाडी नेली, पैसे मोजले, आता त्याने अजून काय करायचं? वरवर पटणारा युक्तिवाद आहे. आपल्यातल्या कितीजणांनी गॅरेजवाल्याने लावलेले लायनर चाक काढून पाहिलेत? पण घरची मोटार आणि भाड्याची गाडी यांत फरक आहे, आणि तो फरक म्हणजेच हा सगळा विषय. प्रवाशांकडून पैसे घेणाऱ्याने गॅरेजचा शब्द तपासायचा असतो. मार्चमध्ये सरकारी निरीक्षकाने लिहून दिलेली यादी हातात असताना तर नक्कीच. शिवाय गाडीची आसनसंख्या नोंदणीत कमी दाखवायची आणि बसच्या तपासणीतून निसटायचं, हा मार्ग कंपनीने निवडला होता असं एनटीएसबीने नंतर नोंदवलं. ज्याला गाडी खरोखर तपासून हवी असते, तो स्वस्तातल्या तपासणीची वाट शोधत नाही.

४२ दिवस आधी: २५ ऑगस्ट

साराटोगा स्प्रिंग्जमध्ये राज्य पोलिसांचा एक शिपाई लिमोझिन थांबवतो. आत दहा प्रवासी. चालक तोच, जो ऑक्टोबरमध्ये स्टिअरिंगवर असणार आहे. त्याच्या परवान्यावर एवढे प्रवासी नेण्याची नोंद नाही. दंडाची पावती फाडली जाते, ही गाडी तू चालवू शकत नाहीस असं त्याला सांगितलं जातं.

म्हणजे आता गाडीही नापास आणि चालकही.

३२ दिवस आधी: ४ सप्टेंबर

परिवहन खात्याची पुन्हा तपासणी. गाडी पुन्हा नापास. या वेळी निरीक्षक काचेवर स्टिकर चिकटवतो: सेवेतून बाहेर. दुरुस्ती आणि फेरतपासणी होईपर्यंत ही गाडी रस्त्यावर आणायची नाही.

केंद्र सरकारच्या नोंदीत या कंपनीच्या गेल्या दोन वर्षांतल्या पाच तपासण्या होत्या. त्यांपैकी चार वेळा गाडी जागच्या जागी सेवेतून बाहेर काढावी लागली होती. ही नोंद गुप्त नव्हती, संकेतस्थळावर कुणालाही पाहता येत होती.

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचे बत्तीस दिवस काही घडत नाही आणि तेच घडतं. खात्याने स्टिकर लावला, पण नंबरप्लेट काढून घेतली नाही. गाडी अडकवून ठेवली नाही. नोंदणी मोटार वाहन विभागाकडे, तपासणी परिवहन विभागाकडे, रस्त्यावरची अंमलबजावणी पोलिसांकडे. तिघांकडे मिळून सगळी माहिती होती, एकाकडेही कुलूप नव्हतं. आदेश पाळायचा की नाही हे शेवटी ज्याला आदेश दिला त्याच्यावरच सोडलेलं होतं. अशा व्यवस्थेत त्या माणसाची पारख आधी झाली नसेल, तर स्टिकर हा कागदाचा तुकडाच उरतो. झालंही तसंच. अपघातानंतर तो स्टिकर सापडला तो काचेवर नव्हे, मुलाच्या स्वतःच्या मोटारीत.

शेवटचे चोवीस तास

शुक्रवार, ५ ऑक्टोबर. समजा हीच कंपनी ब्रिटनमध्ये असती.

तिथे भाड्याने बस किंवा ट्रक चालवणाऱ्याला ऑपरेटरचा परवाना लागतो. प्रवासी वाहनांसाठी १९८१ चा कायदा, मालवाहतुकीसाठी १९९५ चा. नेहमीच्या व्यावसायिक परवान्यावर एका हाडामांसाच्या माणसाचं नाव असावं लागतं, त्याला ट्रान्सपोर्ट मॅनेजर म्हणतात. मालक स्वतः तो असू शकतो, पगारी नोकर असू शकतो, नाहीतर करारावर बाहेरून घेतलेला. पण त्याची पारख ट्रॅफिक कमिशनर करतात. त्यांचं पद न्यायाधीशासारखं, आणि सुनावणी जाहीर.

पारख तीन गोष्टींची. पहिली, त्याने व्यावसायिक सक्षमतेची परीक्षा दिलेली हवी. दुसरी, लौकिक चांगला हवा, आणि लौकिक म्हणजे गावातली प्रतिष्ठा नव्हे. गंभीर गुन्हे, चालकांच्या तासांचे नियम मोडणं, नादुरुस्त गाड्या रस्त्यावर आणणं, हे सगळं त्यात मोजलं जातं. तिसरी अट सर्वांत चिवट: त्याने गाड्यांचं व्यवस्थापन सतत आणि परिणामकारकपणे केलं पाहिजे. परीक्षा एकदा पास होता येते, ‘सतत’ हा शब्द मात्र दर सोमवारी नव्याने पास व्हावा लागतो.

म्हणून कमिशनर थेट तास विचारतात. आठवड्याला किती वेळ देणार? त्यांचा एक ढोबळ तक्ता आहे. दोन गाड्यांपर्यंत दोन ते चार तास, तीन ते पाच गाड्यांना चार ते आठ, सहा ते दहा गाड्यांना आठ ते बारा, आणि पन्नासाच्या वर गेलं की पूर्णवेळ माणूस, वर मदतनीस. बाहेरून घेतलेल्या मॅनेजरला जास्तीत जास्त चार ऑपरेटर आणि सगळ्यांच्या मिळून पन्नास गाड्या. त्यापुढे नाही. दिवसभर दुसरीकडे नोकरी करणारा एखादा सद्गृहस्थ महिन्याला काही पौंडांवर आपलं प्रमाणपत्र भाड्याने देतो, असे प्रकार तिथेही होतात. ते पकडायला हे तास उपयोगी पडतात.

मग येतात खरे प्रश्न, आणि ते ऐकण्यासारखे असतात. चालकाने गेल्या वेळी नोंदवलेला दोष दाखवा. तो कधी दुरुस्त झाला? दुरुस्तीनंतर ब्रेक रोलरवर तपासले का? त्याचा कागद कुठे आहे? चालकाचा परवाना तुम्ही शेवटचा कधी पाहिला? मालकाने ‘गाडी जाऊ द्या’ म्हटलं आणि तुम्ही ‘नाही’ म्हणालात, असा एखादा दिवस सांगा. या शेवटच्या प्रश्नापाशी पुष्कळजण अडतात. कारण मॅनेजरला पगार देणारा मालकच असतो, आणि व्यवस्थेची अपेक्षा अशी की त्याने त्याच मालकाला अडवावं. माझ्या मते या पदाची सगळी अवघड बाजू इथे आहे. नियमांचं ज्ञान शिकवता येतं, शनिवारी सकाळी गिऱ्हाईक दारात असताना ‘नाही’ म्हणण्याची छाती शिकवता येत नाही. ती फक्त आधीच्या वागण्यावरून ताडता येते.

ताडण्यासाठी तिथल्या अपिली न्यायाधिकरणांनी दोन प्रश्न ठरवून दिलेत. २००२ च्या ब्रायन हॉलेज प्रकरणातून आलेला: हे वागणं इतकं गंभीर आहे का, की या ऑपरेटरला धंद्यातून बाहेर काढलं पाहिजे? आणि २००९ च्या प्रायॉरिटी फ्रेट प्रकरणातून आलेला: हा माणूस यापुढे नियम पाळेल याची शक्यता किती? नंतरचा प्रश्न आधी विचारतात, कारण त्याचं उत्तर ‘नाहीच’ असं आलं की आधीच्याचं उत्तर जवळपास मिळालेलंच असतं. मॅनेजरने लौकिक गमावला असं ठरलं, तर त्याला अपात्र ठरवणं कमिशनरला भागच असतं.

आता ४ सप्टेंबरची फाइल या दोन प्रश्नांपुढे ठेवा. पाचात चार वेळा बंद झालेल्या गाड्या, एकच गाडी सहा महिन्यांत दोनदा नापास, परवान्यात न बसणारा चालक, आसनसंख्येचा खेळ. यापुढे हा नियम पाळेल का? उत्तराला पाच मिनिटंही लागली नसती.

ब्रिटनची आरती ओवाळायचं मात्र कारण नाही. ९ फेब्रुवारी २०१५ ला बाथ शहरातल्या लॅन्सडाउन लेनच्या उतारावर एका टिपरचे ब्रेक गेले आणि चारजण मेले, त्यांत चार वर्षांची मुलगी होती. टिपर चालवणारा एकोणीस वर्षांचा, अवजड वाहनाचा परवाना नुकताच हाती आलेला. कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. तुरुंगात गेले मालक आणि मेकॅनिक: मालकाला साडेसात वर्षं, मेकॅनिकला पाच वर्षं तीन महिने. ऑपरेटर परवान्याची सगळी चौकट तेव्हाही होती. चौकट असून माणूस निसटतो, मग जिथे चौकटच नाही तिथे काय होणार?

आपल्याकडे आरटीओचं फिटनेस सर्टिफिकेट मिळतं ते गाडीला. परवाना तपासतात तो चालकाचा. लग्नाच्या वऱ्हाडासाठी ट्रॅव्हल्सची बस ठरवताना आपण एसी चालतो का, पुशबॅक आहे का, टोल कुणाचा, हे खोदून विचारतो. पण ऑफिसात बसून चार बसगाड्या चार दिशांना सोडणाऱ्या माणसाचं फिटनेस कुणी काढत नाही, आणि ते काढायचं असतं हेही आपल्या डोक्यात येत नाही.

शेवटची सकाळ

शनिवार. अ‍ॅमस्टरडॅम या न्यूयॉर्क राज्यातल्याच गावात मित्रमंडळी जमतायत. एकीचा तिसावा वाढदिवस. चार सख्ख्या बहिणी त्यांत आहेत, नवरे आहेत, जवळचे दोस्त आहेत. बेत कूपर्सटाउनजवळच्या बिअरच्या कारखान्यात जाऊन दिवस घालवण्याचा. पिऊन कुणी गाडी चालवायला नको, म्हणून भाड्याची गाडी. सतराजणांनी त्या दिवशी जबाबदारीचं वागायचं ठरवलं होतं, हे या घटनाक्रमातलं सर्वांत कडू वाक्य आहे.

आधी ठरवलेली बस ऐनवेळी मिळाली नाही, असं नातेवाइकांनी नंतर सांगितलं. बदली म्हणून प्रेस्टिजची लिमोझिन आली.

वाहतुकीच्या धंद्यात चुका बहुतेक याच क्षणी होतात. रिकाम्या दिवशी नियम पाळणं कुणालाही जमतं. खरा कस लागतो तो अचानक आलेल्या फोनवर. गिऱ्हाईक घाईत, पैसे चांगले, दुसरी गाडी हाताशी नाही, आणि जी आहे ती दारातच उभी. त्या क्षणी फोनच्या या टोकाला बसलेल्या माणसाला दोन गोष्टी माहीत असायला हव्या होत्या, आणि होत्याही. एक, ही गाडी सेवेतून बाहेर काढलेली आहे. दोन, या चालकाला एवढे प्रवासी नेता येत नाहीत. यातली एक पुरेशी होती.

निघण्याआधी चालकाने गाडीभोवती फेरी मारायची असते. टायर, दिवे, गळती, पेडल किती खाली जातं ते. दोष दिसला तर लिहायचं आणि ते लिहिलेलं कुणीतरी वाचायचं. कागद कोण वाचणार हेच ठरलेलं नसेल, तर चालक लिहिणं सोडून देतो. ही मानवी गोष्ट आहे, अमेरिकन नव्हे.

गाडी निघाली.

शेवटचा तास

राज्य मार्ग ३० ने दक्षिणेकडे. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, त्या भागात पानं रंग बदलतात आणि लोक मुद्दाम गाड्या काढून फिरायला निघतात. आतून एका प्रवासी तरुणीने निरोप धाडला: गाडीच्या आवाजाने सगळ्यांचे कान बधिर होतायत, अशा अर्थाचा. भाड्याच्या गाडीत बसल्यावर आवाज, वास, हादरे यांबद्दल आपण हेच करतो. एकमेकांना सांगतो, थोडं हसतो आणि बसून राहतो. प्रवाशाने गाडी थांबवावी अशी अपेक्षा कुठल्याच नियमात नाही, आणि नसावी.

शेवटची मिनिटं

स्कोहॅरीच्या आधी मार्ग ३० लांब उताराला लागतो. हा उतार तिथल्या लोकांना नवा नव्हता. तिठ्याची रचना काही वर्षांपूर्वी बदललेली होती आणि अवजड ट्रकांना या उतारावर आधीच मनाई होती.

आता ब्रेक. मागच्या ब्रेकची ऑइलची नळी चिमटलेली होती आणि मागचे ब्रेक जवळपास निकामी होते. म्हणजे लांबवलेली, भरलेली ती गाडी पुढच्या दोन चाकांच्या जोरावर धरून ठेवायची होती. सपाट रस्त्यावर हे कळतही नाही. पेडल दाबलं की गाडी थांबते, थोडी उशिरा, एवढंच. गावातून निघताना, सिग्नलला थांबताना, वळताना कळलं नाही ते यामुळेच. लांब उतारावर मात्र पाय पेडलवरून काढता येत नाही. पुढचे ब्रेक तापत जातात आणि ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. जुनं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, त्यामुळे ते कमी तापमानाला उकळतं. उकळलं की नळीत वाफ होते. तेल दाबलं जात नाही म्हणून तर ते पायाचा जोर चाकापर्यंत नेतं, वाफ मात्र दाबली जाते. पेडल सरळ तळाला जातं आणि चाकाशी काहीच पोहोचत नाही. मे महिन्यात बिलावर लिहिलेलं आणि न केलेलं काम इथे आडवं आलं. पण नळीचं, मागच्या ब्रेकचं आणि काचेवरच्या स्टिकरचं काय, याचं उत्तर गॅरेजच्या बिलात नाही.

खाली येईपर्यंत गाडीचा वेग ताशी शंभर मैलांच्या पुढे गेलेला होता, असं सरकारी पक्षाने कोर्टात मांडलं. किलोमीटरमध्ये एकशे साठ.

१ वाजून ५५ मिनिटं

थांबण्याची पाटी ओलांडून लिमोझिन तिठा सरळ पार करते. समोर ॲपल बॅरल नावाचं दुकान आणि कॅफे. आवारात उभी असलेली मोटार, तिच्याजवळ उभे दोघे, त्यापलीकडे ओढ्याची घळ. गाडी तिथे थांबते. आतल्या बाकांवर पट्टे होते, पण आसनांखाली, सहज हाताला न लागणारे. बहुतेकांनी ते लावलेले नव्हते.

चार दिवसांनी, साडेचार वर्षांनी

१० ऑक्टोबरला मुलाला अटक झाली. २०२१ मध्ये वकिलांनी तडजोड घडवली: निष्काळजीपणाचा गुन्हा कबूल, पाच वर्षं देखरेख, हजार तास समाजसेवा, तुरुंगवास नाही. मृतांच्या घरच्यांनी ती कोर्टात बसून ऐकली. ऑगस्ट २०२२ मध्ये नव्या न्यायाधीशांनी, पीटर लिंच यांनी, ती तडजोड फेटाळली. त्यांच्या मते काचेवरचा स्टिकर काढलेला असणं याचाच अर्थ धोका ठाऊक होता, आणि ठाऊक असून गाडी पाठवणं हा नुसता निष्काळजीपणा नव्हे. मे २०२३ मध्ये ज्युरीने सदोष मनुष्यवधाच्या वीसही आरोपांत त्याला दोषी ठरवलं. शिक्षा झाली पाच ते पंधरा वर्षांची.

एनटीएसबीने २०२० मध्येच आपलं मत दिलेलं होतं. कारण म्हणून त्यांनी ब्रेकचं नाव पहिलं घेतलं नाही. सेवेतून बाहेर काढलेली गाडी प्रवासी भरून पाठवणाऱ्या कंपनीची सुरक्षिततेबद्दलची घोर बेपर्वाई, हे पहिलं. ब्रेक जाणं हा तिचा परिणाम. त्याखाली परिवहन खात्याची निष्प्रभ देखरेख, आणि मोटार वाहन विभागाने नोंदणी व तपासणी केंद्रांकडे केलेलं दुर्लक्ष.

न्यूयॉर्कने २०२० मध्ये लिमोझिनसाठी नवे कायदे केले. प्रवाशांना पट्टे सक्तीचे झाले. चालकांच्या परवान्याची अट वाढली, त्यांची मद्य आणि अमली पदार्थांची चाचणी आली. तक्रारीसाठी फोन क्रमांक आला. गंभीर दोष निघालेली लांबवलेली लिमोझिन अडकवून ठेवण्याचा अधिकार आला, जो ४ सप्टेंबर २०१८ ला हवा होता. आसनं, चालक, गाडी, नंबरप्लेट. ऑफिसात बसून गाडी पाठवणाऱ्यासाठी परीक्षा या यादीत नाही. २०१२ चं ते कलम वॉशिंग्टनमध्ये आहे.